लैनचौर : रेसिडेन्सीपासून राजदूतावासापर्यंत

काठमांडूच्या जुन्या शहराच्या उत्तरेस, लैनचौर नावाच्या भागात भारताचा राजदूतावास आहे, आणि ज्या आवारात तो उभा आहे त्या आवाराचा परकीय दूतांशी जडलेला संबंध १८१६ सालापर्यंत मागे जातो. प्रथम ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, पुढे ब्रिटिश सरकारचा दूत आणि १९४७ नंतर स्वतंत्र भारताचा राजदूत, असे तीन निरनिराळ्या सत्तांचे प्रतिनिधी या जागेत नांदले. या काळात नेपाळमध्ये राजे बदलले, प्रधानमंत्र्यांची घराणी उदयाला येऊन लयाला गेली, आणि अखेरीस राजपदच संपुष्टात आले. पण दक्षिणेकडच्या बलाढ्य शेजाऱ्याला आपल्या राजधानीत किती जागा द्यायची आणि त्याला दरबारापासून किती अंतरावर ठेवायचे, हा काठमांडूपुढचा प्रश्न मात्र कायम राहिला. लैनचौरच्या आवाराचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांचा इतिहास होय.

अठराव्या शतकात हिंदुस्थानातील राज्ये एकमेकांच्या दरबारी वकील ठेवत असत. वकील म्हणजे आपल्या धन्याच्या वतीने बोलणी करणारा, बातमी काढणारा आणि ती पत्रांतून कळवणारा प्रतिनिधी. कंपनीने ही प्रथा उचलली आणि आपल्या प्रतिनिधीला रेसिडेंट हे नाव दिले. त्याचा मूळ अर्थ दरबारी कायम वास्तव्य करणारा अधिकारी एवढाच असला, तरी व्यवहारात हा अधिकारी बहुतेक ठिकाणी राज्याचा कारभारच आपल्या हाती घेत गेला. नेपाळच्या शाह राजांना याची जाणीव फार लवकर झाली होती. १७६७ साली कॅप्टन किनलॉक यांच्या हाताखाली कंपनीची जी तुकडी पृथ्वीनारायण शाह यांच्याविरुद्ध काठमांडूच्या खोऱ्याकडे निघाली होती, ती सिंधुलीच्या डोंगरात पराभूत होऊन परतली, आणि खोरे जिंकल्यावर पृथ्वीनारायणांनी युरोपीय मिशनरी व व्यापारी यांना राज्याबाहेर ठेवण्याचे धोरण धरले. १७९३ साली कॅप्टन विल्यम कर्कपॅट्रिक हे नेपाळ आणि तिबेट-चीन यांच्यातील युद्धात मध्यस्थी करण्यासाठी आले, तेव्हा तह आधीच होऊन गेलेला होता. त्यांच्या भेटीचे राजकीय फळ शून्य निघाले, तरी नेपाळचे पहिले तपशीलवार इंग्रजी वर्णन मात्र त्यातून तयार झाले.

पहिला रेसिडेंट नेमला गेला तो १८०१ च्या तहानुसार. राजा रणबहादुर शाह गादी सोडून बनारसला जाऊन राहिले होते आणि काठमांडूत गटबाजी माजली होती. त्या अडचणीचा फायदा घेऊन कंपनीने दरबाराला हा तह करायला लावला. कॅप्टन विल्यम नॉक्स १८०२ साली काठमांडूत पोहोचले. याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी वसईच्या तहावर सही केली आणि पुण्याचा दरबार कंपनीच्या पंखाखाली गेला, हा योगायोग मराठी वाचकाने ध्यानात घेण्यासारखा आहे, कारण दोन्ही ठिकाणी गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांचेच धोरण राबत होते. परिणाम मात्र उलटे झाले. नॉक्स यांना काठमांडूत कोणी दाद दिली नाही, तहातील अटी पाळल्या गेल्या नाहीत, आणि वर्षभराच्या आत, १८०३ च्या मार्चमध्ये, त्यांना परत फिरावे लागले. पुढच्या वर्षी वेलस्लींनी तो तहच रद्द केला. नॉक्स यांच्याबरोबर आलेले डॉक्टर फ्रान्सिस बुकानन यांनी जमवलेली वनस्पतींची माहिती हीच त्या वास्तव्याची टिकाऊ कमाई ठरली.

१८१४ ते १८१६ या काळात कंपनीशी झालेल्या युद्धात नेपाळचा पराभव झाला आणि सुगौलीच्या तहाने कुमाऊँ, गढवाल, सिक्कीम व तराईचा मोठा भाग नेपाळच्या हातून गेला. या तहाच्या आठव्या कलमात दोन्ही राज्यांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी एकमेकांच्या दरबारी राहतील, असे ठरले. काठमांडूला या कलमाचे शल्य भूभाग गमावण्याइतकेच बोचले असावे, कारण रेसिडेंट आला की पाठोपाठ फौज येते आणि फौज आली की राज्य जाते, हा हिंदुस्थानचा अनुभव तिथे सर्वांना माहीत होता. तत्कालीन मुख्तियार, म्हणजे मुख्य कारभारी, भीमसेन थापा यांनी कलम नाकारले नाही. त्यांनी रेसिडेंटला शहराबाहेर उत्तरेकडची जागा दिली. ही जागा ओसाड, रोगट आणि भुताखेतांची म्हणून टाळली जाणारी होती, असे परंपरेने सांगितले जाते. पहिले कायम रेसिडेंट एडवर्ड गार्डनर यांनी तिथे घर व बाग उभी केली आणि १८२९ पर्यंत अतिशय शांतपणे काम केले. दरबाराच्या कारभारात त्यांनी फारसा हात घातला नाही. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानासाठी त्यांनी रोपे व बिया मात्र मोठ्या आस्थेने पाठवल्या.

पुण्याची आणि काठमांडूची तुलना इथे आवश्यक ठरते. पुण्यात मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी होती. तेथील रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या पाठीशी तैनाती फौज होती, म्हणजे पेशव्यांच्या खर्चाने पोसलेली आणि कंपनीच्या हुकुमात वागणारी पलटण होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली, पण काही महिन्यांतच जळाले त्याहून कितीतरी अधिक राज्य पेशव्यांच्या हातून गेले. सुगौलीच्या तहात तैनाती फौजेची अट नव्हती. लैनचौरच्या रेसिडेंटजवळ लहानशा संरक्षक तुकडीपलीकडे बळ नव्हते, सर्वांत जवळची ब्रिटिश छावणी डोंगररांगा आणि तराईचे जंगल ओलांडल्यावर होती, आणि त्या जंगलात उन्हाळा-पावसाळ्यात पसरणाऱ्या औल नावाच्या प्राणघातक हिवतापामुळे वर्षातील अर्धा काळ वाट जवळजवळ बंदच असे. नेपाळचे स्वातंत्र्य टिकण्याची कारणे अनेक आहेत, परंतु तैनाती फौजेचा अभाव हे त्यांतील मुख्य कारण होय, आणि नुसत्या शौर्याच्या कथा सांगताना ते विसरले जाते.

दरबाराने रेसिडेंटवर घातलेली बंधनेही लक्षात घेण्याजोगी आहेत. त्याला काठमांडूच्या खोऱ्याबाहेर, मैदानाकडे जाणारी ठरलेली वाट सोडून, कुठेही फिरण्याची मुभा नव्हती. आवाराच्या फाटकाशी नेपाळी पहारा असे, आणि शहरातून भेटायला येणाऱ्यांवर दरबाराची नजर असे. पुढे शंभर वर्षे, थोड्याफार फरकाने, ही व्यवस्था चालू राहिली. जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याचा प्रतिनिधी एका खोऱ्यात असा अडकून पडलेला होता.

या अडकलेपणातून ज्ञानाचे एक मोठे काम उभे राहिले, ते ब्रायन हॉटन हॉजसन यांच्या हातून. १८२० साली साहाय्यक म्हणून आलेले हे तरुण अधिकारी १८३३ ते १८४३ या काळात रेसिडेंट होते. बाहेर फिरता येत नव्हते म्हणून त्यांनी माणसे आणि पोथ्या आपल्याकडे आणवल्या. पाटणचे नेवार बौद्ध पंडित अमृतानंद यांच्या मदतीने त्यांनी संस्कृत बौद्ध ग्रंथांच्या हस्तलिखितांचा शोध घेतला. हे ग्रंथ हिंदुस्थानातून केव्हाच नाहीसे झाले होते. तिबेटी व चिनी भाषांतरांतून त्यांची नावे माहीत होती, पण मूळ संस्कृत पाठ हाती नव्हते, आणि ते नेपाळच्या विहारांत पिढ्यानपिढ्या नकलून जपले गेले होते. हॉजसन यांनी त्यांच्या प्रती कलकत्ता, लंडन आणि पॅरिस येथील विद्वत्संस्थांना पाठवल्या. पॅरिसमध्ये युजेन बुर्नूफ यांनी त्या पोथ्यांवरूनच भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरील १८४४ चा आपला ग्रंथ सिद्ध केला आणि सद्धर्मपुंडरीकाचे फ्रेंच भाषांतर हॉजसन यांना अर्पण केले. पक्षी, सस्तन प्राणी, हिमालयातील भाषा, जमाती, व्यापारी वाटा अशा कितीतरी विषयांवर हॉजसन यांनी लिहिले. राजमानसिंग चित्रकार यांनी त्यांच्यासाठी प्राण्यांची आणि वास्तूंची चित्रे काढली. या कामाचे श्रेय हॉजसन यांना जेवढे मिळाले, तेवढे अमृतानंद आणि राजमानसिंग यांना मिळाले नाही, ही त्या काळच्या ज्ञानव्यवहारातील उघड त्रुटी आहे.

हॉजसन यांची दुसरी बाजू राजकारणाची आहे, आणि ती तितकी उजळ नाही. भीमसेन थापा यांचा १८३७ साली पाडाव झाल्यावर दरबारात जे तट पडले, त्यांत हॉजसन यांनी ब्रिटिशांना अनुकूल भारदारांची, म्हणजे मोठ्या सरदारांची, बाजू उघडपणे उचलून धरली. १८४० साली पगाराच्या कारणावरून बिथरलेल्या सैन्याने रेसिडेन्सीवर चालून जाण्याची भाषा केली. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांना हा हस्तक्षेप मान्य नव्हता आणि १८४३ मध्ये हॉजसन यांना जावे लागले. त्यांच्या जागी हेन्री लॉरेन्स आले. त्यांच्या पत्नी होनोरिया यांना दरबाराने येऊ दिले, आणि काठमांडूत राहिलेल्या त्या पहिल्या युरोपीय स्त्री समजल्या जातात.

१४ सप्टेंबर १८४६ च्या रात्री राजवाड्याजवळच्या कोत नावाच्या शस्त्रागाराच्या चौकात भारदारांची कत्तल झाली आणि राणा घराण्याचे संस्थापक जंगबहादुर सत्तेवर आले. या घराण्याची १०४ वर्षांची राजवट या घटनेतून जन्मली, कारण पुढे प्रधानमंत्रिपद वंशपरंपरेने त्याच घराण्यात राहिले आणि राजा नुसता सिंहासनापुरता उरला. त्या रात्री राजा राजेंद्र शाह घोड्यावरून रेसिडेन्सीकडे आले होते, परंतु प्रभारी रेसिडेंटने अवेळी भेट घेण्यास नकार दिला, असे इतिहासकारांनी नोंदले आहे. भेट झाली असती तर काही निराळे घडले असते असे ठामपणे म्हणता येत नाही. तरीही संकटात सापडलेला नेपाळचा राजा लैनचौरच्या फाटकाशी येऊन परत गेला, ही घटना पुढचा इतिहास वाचताना मनात ठेवावी लागते.

जंगबहादुर आणि रेसिडेन्सी यांच्यात एक न लिहिलेला करार जमला : राणांनी ब्रिटिशांना परराष्ट्र धोरणात साथ द्यावी, आणि ब्रिटिशांनी देशातील कारभारात लक्ष घालू नये. १८५७ च्या उठावात जंगबहादुर स्वतः फौज घेऊन लखनौपर्यंत गेले आणि त्याबद्दल पश्चिम तराईचा काही भाग नेपाळला १८६० मध्ये परत मिळाला. पण त्याच काळात पराभूत होऊन तराईत शिरलेल्यांमध्ये नानासाहेब पेशवे आणि त्यांचे कुटुंब होते, आणि ब्रिटिशांच्या दडपणाला न जुमानता जंगबहादुरांनी नानासाहेबांच्या पत्नी काशीबाई व दुसऱ्या बाजीरावांच्या विधवा यांना काठमांडूत आश्रय दिला. अवधच्या बेगम हजरत महल यांनाही तो मिळाला आणि १८७९ साली त्यांचा मृत्यू तिथेच झाला. त्या वेळी रेसिडेंट असलेले जॉर्ज रॅमसे यांना शरण आलेल्यांवर नजर ठेवण्यापलीकडे फार काही करता आले नाही. पेशव्यांच्या घरच्या स्त्रिया आणि पेशवाई बुडवणाऱ्या सत्तेचा प्रतिनिधी एकाच लहानशा खोऱ्यात वर्षानुवर्षे राहत होते, हे महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात जितके यायला हवे तितके आलेले नाही.

त्यानंतरची काही दशके राजकीयदृष्ट्या संथ गेली. ब्रिटिशांच्या सैन्यासाठी गुरखा सैनिकांची उघड भरती १८८५ नंतर प्रधानमंत्री वीर शमशेर यांच्या काळात मोकळी झाली आणि रेसिडेंटच्या कामात तिला पहिले स्थान मिळाले. रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक मात्र आपापल्या परीने लिहीत-रेखाटत राहिले : हेन्री ओल्डफील्ड यांनी खोऱ्यातील देवळे व राजवाडे यांची चित्रे काढली, आणि डॅनियल राइट यांनी एका वंशावळीचे, म्हणजे राजघराण्यांच्या पारंपरिक बखरीचे, मुन्शी शिवशंकर सिंग व पंडित गुणानंद यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८७७ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले.

याच आवारात एक टपाल कार्यालयही होते, आणि त्याचे काम पाहिल्यास दोन देशांतील संबंधांचा रोजचा पोत दिसतो. नेपाळने १८८१ साली स्वतःची तिकिटे काढली, पण आंतरराष्ट्रीय टपाल संघाचे सदस्यत्व नसल्यामुळे हिंदुस्थानच्या पलीकडे ती चालत नसत; म्हणून परदेशी जाणारे पत्र लैनचौरला नेऊन त्यावर हिंदुस्थानी तिकीट लावावे लागे आणि तिथूनच ते पुढे रवाना होई. नेपाळ १९५६ मध्ये टपाल संघात गेला, १९५९ पासून त्याची तिकिटे जगभर चालू लागली, आणि दूतावासातील भारतीय टपाल कार्यालय १९६५ मध्ये बंद झाले.

पहिल्या महायुद्धात गुरख्यांनी केलेल्या कामगिरीनंतर प्रधानमंत्री चंद्र शमशेर यांनी आपल्या देशाच्या स्वातंत्र्याची लेखी मान्यता मागितली आणि २१ डिसेंबर १९२३ च्या तहाने ती मिळवली. रेसिडेंट हे पद त्याआधीच इतिहासजमा होऊन त्याच्या जागी दूत आला होता. १९३४ साली नेपाळने लंडनमध्ये वकिलात उघडली, आणि लैनचौरच्या ब्रिटिश प्रतिनिधीचा दर्जाही त्याच प्रमाणात वाढला. वकिलात म्हणजे राजदूताच्या एक पायरी खालच्या प्रतिनिधीचे कार्यालय. नावे बदलली, तरी खोऱ्याबाहेर न जाण्याचे बंधन बव्हंशी तसेच राहिले.

१९४७ मध्ये लैनचौरचे जुने आवार भारताकडे आले आणि ब्रिटिशांनी त्याच परिसरात आपला दूतावास ठेवला. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला काठमांडूत झालेल्या त्रिपक्षीय करारानुसार दहापैकी सहा गुरखा रेजिमेंट भारताकडे आणि चार ब्रिटनकडे गेल्या. सुरजितसिंग मजिठिया हे पहिले भारतीय राजदूत. १९४९ मध्ये त्यांचे लहान विमान गौचर येथील कुरणात उतरले. काठमांडूत उतरलेले ते पहिले विमान मानले जाते, आणि तीच जागा आज त्रिभुवन आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून ओळखली जाते. त्यांच्यानंतर चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह आले, आणि त्यांच्या कारकिर्दीत या आवाराच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना घडली.

राजा त्रिभुवन राणांच्या देखरेखीखाली जवळजवळ कैद्यासारखे राहत होते, आणि राणाविरोधी नेपाळी काँग्रेसशी त्यांचा गुप्त संपर्क होता. ६ नोव्हेंबर १९५० रोजी शिकारीला जाण्याची परवानगी घेऊन ते राण्या, मुलगे आणि नातू बीरेंद्र यांच्यासह मोटारींतून निघाले. सोबत राणांचा पहारा होता. मोटारी दूतावासापाशी येताच अचानक वळून उघड्या फाटकातून आत शिरल्या, आणि पहारेकरी बाहेरच राहिले. दुसऱ्या दिवशी राणांनी मागे राहिलेल्या तीन वर्षांच्या ज्ञानेंद्र नावाच्या नातवाला गादीवर बसवले. भारताने त्याला मान्यता दिली नाही. काही दिवसांनी त्रिभुवन आणि त्यांचे कुटुंब भारतीय वायुदलाच्या विमानांनी दिल्लीला गेले, सरहद्दीवर नेपाळी काँग्रेसचा सशस्त्र लढा सुरू झाला, आणि दिल्लीत झालेल्या तडजोडीनंतर १९५१ च्या फेब्रुवारीत राजा परत येऊन राणांची एकहाती सत्ता संपली.

या घटनेचा कायद्याच्या अंगानेही विचार करायला हवा. दूतावासाच्या आवारात यजमान देशाच्या पोलिसांनी वा सैन्याने परवानगीशिवाय शिरू नये, हे तत्त्व त्या काळी रूढीने पाळले जात होते. त्याला कराराचे रूप १९६१ च्या व्हिएन्ना करारात मिळाले. राजकीय आश्रय देण्याचा दूतावासाला हक्क आहे का, हा त्याहून अवघड प्रश्न होता, आणि नेमक्या त्याच महिन्यात, २० नोव्हेंबर १९५० रोजी, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने लिमा येथील कोलंबियाच्या दूतावासात राहिलेल्या पेरूच्या एका नेत्याच्या प्रकरणात आश्रय देणाऱ्या देशाचा एकतर्फी अधिकार नाकारला होता. पण लैनचौरचे प्रकरण त्या चौकटीत बसत नाही. इथे आश्रय मागणारा बंडखोर नव्हता. तो त्याच देशाचा अभिषिक्त राजा होता, ज्याच्या नावाने परकीय दूत आपली अधिकारपत्रे सादर करतात, आणि तो आपल्याच वंशपरंपरागत प्रधानमंत्र्यापासून संरक्षण मागत होता. भारताने फाटक उघडले हे योग्यच केले. १८४६ मध्ये जे घडले नाही ते १९५० मध्ये घडले, आणि त्यातून एका देशाला लोकशाहीची पहिली वाट मिळाली.

तरीही याच यशात पुढच्या दुराव्याचे बीज होते. ज्या दूतावासाने राजाला परत आणले, त्याने कारभारही सांगावा असा समज दिल्लीतील काही मंडळींचा झाला. राजदूत सिंह यांच्या हस्तक्षेपाबद्दल काठमांडूत उघड नाराजी होती, आणि गोविंद नारायण हे भारतीय सनदी अधिकारी राजाचे सल्लागार म्हणून दरबारात बसत होते. भारतीय लष्करी अभियंत्यांनी बांधलेला त्रिभुवन राजपथ काठमांडूला प्रथमच मैदानाशी मोटारीच्या रस्त्याने जोडणारा ठरला, आणि त्याबद्दल कृतज्ञताही होती. पण कृतज्ञता आणि संशय एकत्र नांदू शकतात, हे लैनचौरमधील पुष्कळ अधिकाऱ्यांना उमगले नाही. १९६४ ते १९६७ या काळात राजदूत असलेले श्रीमन्नारायण यांनी या बाबतीत निराळी वाट धरली. वर्ध्याच्या गांधीवादी वर्तुळात घडलेले, तेथील वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले आणि जमनालाल बजाज यांचे जावई असलेले श्रीमन्नारायण यांनी खुल्या संवादावर भर दिला आणि त्या अनुभवावर पुढे पुस्तकही लिहिले. त्रिभुवन यांचे पुत्र राजा महेंद्र यांच्याशी ताणलेले संबंध त्या वर्षांत बरेच सुधारले.

आजच्या दूतावासाचे एक काम बातम्यांत क्वचितच येते, पण नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यांत तेच सर्वांत जास्त ओळखीचे आहे : भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्या लाखाहून अधिक नेपाळी माजी सैनिकांचे व त्यांच्या विधवांचे निवृत्तिवेतन. त्यासाठी काठमांडू, पोखरा आणि धरान येथे कार्यालये आहेत, आणि दूरच्या गावांसाठी फिरती शिबिरे भरवली जातात. १९८९ आणि २०१५ मधील भारत-नेपाळ सीमेवरील नाकाबंदीच्या काळात दोन्ही सरकारांत बोलणे तुटत आले होते, तेव्हाही हे नाते तुटले नाही.

राजकीय हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. ३१ जुलै १९५० च्या शांतता व मैत्री करारावर नेपाळच्या बाजूने प्रधानमंत्री मोहन शमशेर यांची सही आहे, तर भारताच्या बाजूने राजदूताची; पदांची ही विषमता नेपाळमध्ये आजही अपमान म्हणून सांगितली जाते, आणि १९२३ च्या तहातही ब्रिटिशांनी असाच रिवाज पाळला होता हे पाहिल्यास ती तक्रार पोकळ ठरत नाही. स्वतंत्र भारताने लैनचौरच्या इमारतींबरोबर तेथील काही सवयीही वारशाने घेतल्या, आणि त्या सोडून देण्याचे काम अपुरे राहिले आहे. १९५० च्या करारासह सर्व संबंधांचा फेरविचार करण्यासाठी २०१६ मध्ये दोन्ही देशांनी मान्यवरांचा एक गट नेमला, त्याने २०१८ मध्ये एकमताने अहवाल पूर्ण केला, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे तो दोन्ही प्रधानमंत्र्यांना सादर होण्याची वाट पाहत पडून राहिला.